पंखे फिरतात, पण यंत्र जागं होत नाही

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाचा सर्व्हर माझ्या तळघरात बंद पडला आणि त्याला कारण मीच होतो. त्यात काय होतं ते आधी सांगतो. ज्येष्ठ सभासदांच्या मुलाखती आपण ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. त्यांतले काहीजण आता आपल्यात नाहीत. दुसरी प्रत काढायचं काम 'पुढच्या महिन्यात' म्हणत मी वर्षभर लांबवलं होतं.

त्या रात्री मी सर्व्हरचं फर्मवेअर बदलायला घेतलं. फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरच्या चिमुकल्या चिपमध्ये मुक्कामाला असलेली आज्ञावली. बटण दाबलं की आधी ती जागी होते, मेमरी आणि डिस्क यांची हजेरी घेते आणि मग कारभार लिनक्स किंवा विंडोजच्या हाती सोपवते. ती लिहिली जात असतानाच बर्फाच्या वादळात वीज गेली. यूपीएस होता, पण त्यातली बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं टिकते, आमची होती ७ वर्षांची! वीज परतल्यावर पंखे फिरले, पडदा मात्र काळाच.

संशय फर्मवेअरवर होताच. तरी आधी वीज तपासली. पुरवठाच डळमळीत असेल तर दुरुस्तीही अर्ध्यावर मोडायची. यंत्र बंद असताना बोर्डवरचा दिवा लागत होता, म्हणजे ५ व्होल्टचा राखीव पुरवठा शाबूत होता. मग यंत्र चालू करून मल्टिमीटर लावला. १२, ५ आणि ३.३ व्होल्ट, तिन्ही ५ टक्क्यांच्या मर्यादेत. पुरवठा सुटा काढून मोजला तर भार नसल्यामुळे तो निर्दोष भासू शकतो, म्हणून जोडलेलाच मोजावा. त्याचा डबा मात्र कधी उघडू नये. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत जीवघेणा दाब उरतो.

पुष्कळ बोर्डांत एक सुरक्षित भाग असतो. तो यूएसबी ड्राइव्हवरून नवी प्रत उचलतो. फाइलचं नाव पुस्तिकेत दिलंय तस्संच हवं. आमच्याकडे तोही मुका निघाला. मग चिपवर थेट लिहिणारा प्रोग्रॅमर मागवला. वायर काढली, नाण्यासारखी बॅटरी काढली, आठ पायांच्या चिपला चिमटा लावला. चिप ३.३ व्होल्टची की १.८ ची, हे तिच्या क्रमांकावरून आधीच पाहिलं. चुकलं तर ती जळू शकते. जुना मजकूर दोनदा वाचला. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या, तेव्हा चिमटा नीट बसल्याची खात्री पटली. ती प्रत जपून ठेवली, कारण यंत्राचा अनुक्रमांक आणि नेटवर्कचा पत्ता अनेकदा याच चिपमध्ये असतो. ते नव्या मजकुरात उतरवले, तो लिहिला आणि परत वाचून ताडून पाहिला.

बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली. फर्मवेअर वेगळ्या चिपमध्ये असल्यामुळे डिस्कवरच्या मुलाखती जागच्या जागी होत्या. पहिली उघडली तर एका आजींचा आवाज आला, "चालू झालं का रे हे?" आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. मी तिथेच पायरीवर बसलो.

आता मुलाखतींच्या तीन प्रती आहेत, त्यांतली एक दुसऱ्या गावात. मंडळी, आपल्या घरातल्या यूपीएसच्या बॅटरीवरची तारीख आज बघा. आणि आईवडिलांचे जुने आवाज, फोटो एकाच जागी असतील तर दुसरी प्रतही आजच काढा. पुढच्या महिन्यात नको.