चर्चच्या रूढी व शास्त्राधार

‘जे बायबलात नाही ते त्याज्य’, हा रूढींवरील आक्षेप जुना आहे. त्याची परीक्षा ठाणे-वसई भागातील ईस्ट इंडियन कॅथलिक समाजाच्या सणांवरून करता येते. ‘नाताळ’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज. ठाणे 1737 पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. ख्रिस्तजन्माची कथा मत्तय व लूक यांत आहे. 25 डिसेंबर ही तारीख मात्र तेथे नाही. ती इ. स. 354 च्या रोमी पंचांगात आढळते. मागी लोक तीन होते, असेही मत्तय सांगत नाही. तीन आहेत त्या भेटवस्तू. याउलट, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद देण्याचा ‘आगेरा’ हा सण लेवीय 23 मधील प्रथमपिकाच्या आज्ञेशी जुळतो. तथापि तेथील पेंढी वल्हांडणाच्या सुमाराची, वसंतातील. येथील लोंबी पावसाळ्याअखेरची. कल्पना शास्त्रातली, काळ कोकणच्या शेतीचा.

तात्पर्य, ज्या आचारास आधारवचन नाही तो शास्त्रबाह्य होय. त्यास शास्त्रविरुद्ध म्हणावयाचे तर निषेधवचन दाखविले पाहिजे. या दोन शब्दांतील अंतर न पाळल्यामुळेच आक्षेपक व समर्थक या दोघांचाही वाद निष्फळ होतो.