अंजीर नव्या घरी न्यायचंय? गुटी बांधा!

जुने वाडे पाडून तिथं इमारती उभ्या राहताहेत. भांडीकुंडी टेम्पोत चढतात, पण परसातलं अंजिराचं झाड कसं न्यायचं? मैत्रिणींनो, झाड नाही, तरी त्याचंच रोप नक्की नेता येईल. मात्र घर सोडायच्या दोन-अडीच महिने आधी कामाला लागा. झाडावर कुऱ्हाड पडल्यावर हळहळून काय उपयोग?

अंजिराची नुसती फांदी खोचूनही रोप होतं. पण गुटी कलमात मुळं फुटेपर्यंत फांदी आईलाच धरून असते, म्हणून ते जास्त भरवशाचं.

साहित्य : धारदार चाकू, नर्सरीत मिळणारं मूठभर शेवाळ (मॉस), प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद, सुतळी.

कृती : पावसाळ्याची सुरुवात यासाठी उत्तम. पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडा. डोळ्याच्या जरा खाली इंचभर रुंदीची साल बांगडीसारखी गोल काढा. आतला बुळबुळीत थर खरवडून टाका, नाहीतर साल पुन्हा जुळून येते. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं. ते इथं अडतं आणि मुळं फुटतात. पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, म्हणून फांदी वाळत नाही.

भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ त्या जागी लिंबाएवढं लपेटा. वरून प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं करकचून बांधा. ऊन लागत असेल तर वर जुनं फडकं बांधा. शेवाळ कोरडं दिसलं तर थोडं पाणी घाला.

महिना-दीड महिन्यात पांढरी मुळं दिसू लागतील. ती भरपूर झाली, की गुटीच्या खालून फांदी कापा. प्लॅस्टिक सोडवा, पण गोळा फोडू नका. अर्धी पानं काढून माती, वाळू, शेणखत भरलेल्या कुंडीत लावा आणि दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा.

जपा हं! अंजिराचा चीक अंगावर उडाला आणि वर ऊन लागलं, तर कातडी भाजल्यासारखी होते. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा.

आपल्याकडच्या पुणे जातीच्या अंजिराला फळ धरायला दुसरं झाड लागत नाही. पुरंदरच्या ज्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच जातीचं. तेव्हा गच्चीतल्या मोठ्या कुंडीतलं एकटं झाडही फळेल.

आणि हो, गुटी एकच नको, तीन-चार बांधा. एखादी फसली तरी चालेल. साऱ्या जगल्या, तर वाड्यातल्या बाकीच्या बिऱ्हाडांना द्या. सगळ्या पांगल्या, तरी अंजीर त्याच झाडाचं खातील!