भाड्याच्या गाळ्यातला जुना अलार्म टीं-टीं करतोय? वायर कापण्याआधी हे वाचा



गाळा मिळाला, डिपॉझिट दिलं, रंगकाम झालं, देवाचा फोटो लावून नारळ फोडला. आणि मग एका संध्याकाळी लाईट गेली आणि भिंतीवरच्या जुन्या पांढऱ्या डब्यातून आवाज सुरू झाला. टीं... टीं... टीं... गिऱ्हाईक विचारतं, "हे काय वाजतंय हो?" आणि आपल्याला उत्तर माहीत नसतं.

मुरबाडच्या आपल्या एका ताईंचं असंच झालं. मसाले आणि नाचणीच्या पापडांच्या पॅकिंगसाठी त्यांनी गाळा घेतला. तिथे आधी एक पतपेढी होती. पतपेढी दुसरीकडे गेली, पण चोर-अलार्म भिंतीवरच राहिला. पहिल्या पावसात बीप सुरू झाली. दोन दिवस ताईंनी सहन केलं. तिसऱ्या रात्री पुतण्याने पक्कड घेतली आणि वायर कापली. बीप थांबली नाहीच, उलट बाहेरचा भोंगा सुरू झाला! रात्री साडेअकराला अर्धी आळी गोळा झाली. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "चालू अलार्म तुम्ही तोडलात. डिपॉझिटमधून पैसे कापणार." कागदावर मात्र अलार्मचा उल्लेखच नव्हता. ना बाजूने, ना विरोधात.

म्हणून आजचा मुद्दा एकच. बीप बंद करणं हे छोटं काम आहे. तो अलार्म कोणाचा आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवणं हे खरं काम आहे.

१. आधी आवाज कशाचा ते शोधा

प्रत्येक बीप चोर-अलार्मची नसते. इन्व्हर्टर, कॉम्प्युटरचा यूपीएस आणि छतावरचा धुराचा सेन्सर हे तिघेही बॅटरी उतरली की ओरडतात. शांत वेळी गाळ्यात फिरा आणि प्रत्येक डब्याजवळ एक-एक मिनिट उभे राहा.

आवाज आगीच्या यंत्रणेचा असेल तर तिला हात लावायचा नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे अशी यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची असते. ती चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. म्हणजे तिथे "बंद करून टाकू" हा पर्यायच नाही. मालकांना लगेच कळवा आणि दुरुस्त करून घ्या.

२. अलार्म बीप का करतो?

चोर-अलार्मच्या डब्यात साधारणपणे तीन गोष्टी असतात: सर्किट, २३० व्होल्टचा करंट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर आणि एक सीलबंद बॅटरी. ही बॅटरी बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ एएचची असते. लाईट असताना ती सतत चार्ज होत राहते, लाईट गेली की अलार्मला तीच चालवते. चोर आधी मेन स्विच पाडतो, म्हणून ही सोय.

अशी बॅटरी चांगल्या जागी तीन ते पाच वर्षं टिकते. पण उष्णता तिची वैरी आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या गाळ्याची भट्टी होते, आणि पावसाळ्यात लाईट वारंवार जाते. उन्हाळ्यात थकलेली बॅटरी पावसाळ्यात उघडी पडते. बीप म्हणजे अलार्म सांगतोय, "लाईट नाही आणि माझ्यात जोर उरला नाही."

३. चोवीस तासांची परीक्षा

काही उघडायच्या आधी हे करून बघा. डब्याकडे जाणारा स्विच चालू आहे का ते पाहा. बऱ्याचदा रंगकाम करणाऱ्याने ड्रिलसाठी प्लग काढलेला असतो आणि परत लावलेला नसतो. स्विच चालू करा आणि चोवीस तास थांबा.

बीप थांबली आणि परत आली नाही, तर बॅटरी फक्त उतरली होती. लाईट गेल्यावर थोड्याच वेळात परत सुरू झाली, तर बॅटरी म्हातारी झाली, बदलावी लागेल. लाईट असूनही चालूच राहिली, तर बॅटरी पूर्ण मेली असेल किंवा दुसरा दोष असेल. जुने अलार्म लँडलाईनवरून फोन लावायचे. ती लाईन कापली गेली तरी काही डबे बीप करतात. दाराचा सेन्सर गंजला किंवा पीआयआर सेन्सरवर पाल, कोळी फिरला तर मात्र बीप नाही, थेट भोंगा वाजतो.

कीपॅडवर कोणता लाल-पिवळा दिवा लागलाय त्याचा फोटो काढून ठेवा. अलार्मवाल्याचा निम्मा वेळ वाचेल.

४. वायर का कापायची नाही?

कारण हे यंत्र वायर कापणाऱ्यालाच पकडण्यासाठी बनवलेलं असतं. अनेक अलार्मच्या डब्याला आतून एक छोटं बटण असतं. झाकण उघडलं की ते सुटतं आणि भोंगा वाजतो. बाहेरच्या भोंग्यात बऱ्याचदा स्वतःची वेगळी बॅटरी असते. आतून येणारी वायर तुटली की तो समजतो, चोर आला! ताईंकडे नेमकं हेच झालं.

आणि आवाज लहान नसतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत निवासी भागात ४५ डेसिबल आणि व्यापारी भागात ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. भोंगा शंभराच्या आसपास जातो. शिवाय तो वारंवार उगाच वाजला तर 'लांडगा आला रे आला' होतं. खऱ्या रात्री कोणी उठत नाही.

जाणकार माणूस आधी कोड टाकून अलार्म दुरुस्तीच्या मोडवर नेतो, मग मेन बंद करतो आणि नंतर बॅटरी काढतो. डब्यात २३० व्होल्ट येतात, म्हणून हे काम वायरमनचं किंवा अलार्मवाल्याचं, पुतण्याचं नाही. काढलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका. आत शिसं आणि ॲसिड असतं. नवीन घेताना जुनी दुकानदाराला परत द्या.

५. मालकांना काय लिहायचं?

फोनवर बोला, पण नंतर व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवा. असं:

"काका नमस्कार. गाळ्यात भिंतीवर जुना चोर-अलार्म आहे. लाईट गेली की तो बीप करतो. फोटो आणि व्हिडिओ सोबत पाठवले आहेत. हा अलार्म आपला आहे की आधीच्या भाडेकरूंचा? कोड कोणाकडे आहे? आपली हरकत नसेल तर अलार्मवाल्याला बोलावून बॅटरी बदलून घेतो किंवा तो काढून घेतो. खर्च कोणी करायचा तेही सांगा. आपलं उत्तर आल्याशिवाय हात लावत नाही."

यात भांडण नाही, आरोप नाही. पण तारीख आहे, फोटो आहे आणि प्रश्न स्पष्ट आहे. उद्या डिपॉझिटची गोष्ट निघाली तर हाच तुमचा कागद.

६. कायदा काय म्हणतो?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १०८ आहे. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने कळवूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, असं त्यात आहे. पण दोन शब्द नीट वाचा. एक, "बंधनकारक". अलार्मची दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे असं कुठे लिहिलंय? दोन, हे कलम भाडेपट्ट्यासाठी आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असतो, आणि तो भाडेपट्टा नसतो. तिथे करारात जे लिहिलंय त्यालाच वजन.

म्हणून स्वतःच्या मनाने भाडं कापू नका. आणि करार तोंडी ठेवू नका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ लेखी आणि नोंदणीकृत करार सांगतं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं.

७. ठेवायचा की काढायचा?

आता धंद्याचा हिशेब. फक्त बॅटरी गेली असेल तर साधारण हजार रुपयांच्या आसपास नवी येते, ब्रँडप्रमाणे कमी-जास्त. तेवढ्यात चालू अलार्म मिळत असेल तर तो ठेवा. पण ठेवताना जुने कोड आणि जुने फोन नंबर पुसून घ्या. नाहीतर तुमच्या दुकानात चोर शिरेल आणि फोन जाईल पतपेढीच्या जुन्या शिपायाला!

सिम कार्डवर चालणारा जुना अलार्म असेल तर एक गोष्ट बघा. त्यातले बरेच टूजी आहेत. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे जिओचं सिम त्यात चालणार नाही. गाळ्यात कोणत्या कंपनीची रेंज येते ते आधी तपासा.

कोड हरवलाय, सेन्सर गंजलेत, सुटे भाग मिळत नाहीत, असं असेल तर परवानगी घेऊन काढून टाका.

आणि विमा. दुकानाचा चोरीचा विमा काढताना फॉर्ममध्ये "अलार्म आहे" असं लिहिलं असेल आणि तो बंद पडला किंवा काढला असेल, तर विमा कंपनीला लेखी कळवा. नाहीतर क्लेमच्या वेळी तेच वाक्य तुमच्यावर उलटू शकतं. हजाराची बॅटरी वाचवून लाखाचा क्लेम अडकवायचा नाही.

८. पुढच्या गाळ्याच्या वेळी

ताबा घेण्याआधी मोबाईलवर भिंत-भिंत व्हिडिओ काढा. करारासोबत वस्तूंची यादी जोडा: पंखे, मीटर, शटर, अलार्म. आणि हे एक वाक्य घाला: "गाळ्यातील अलार्म ताबा देतेवेळी चालू / बंद आहे. तो मालकाच्या / आधीच्या भाडेकरूच्या मालकीचा आहे. त्याची दुरुस्ती व खर्च ____ करतील. परवानगीने काढल्यास डिपॉझिटमधून कपात होणार नाही."

ताईंचं शेवटी काय झालं? मी त्यांना एकच सांगितलं, "मालकांशी वाद घालू नका, आधी विचारा की अलार्म बसवला कोणी." मालकांनी पतपेढीच्या मॅनेजरला फोन लावला. ते म्हणाले, "अहो, तो आमचा. आम्हाला नकोय आता, काढून टाका." म्हणजे ज्या वस्तूसाठी डिपॉझिट कापणार होते, ती मालकांची नव्हतीच! मॅनेजरनी तसं व्हॉट्सॲपवर लिहून दिलं. ताईंनी वायरमनला बोलावून डबा उतरवला, भिंतीची भोकं बुजवून रंग मारून दिला. मालकही खूश, डिपॉझिटही शाबूत.

हाच प्रश्न त्यांनी तीन दिवस आधी विचारला असता, तर आळी जागी झाली नसती.

आजचा गृहपाठ: तुमच्या गाळ्याचा करार काढा आणि भिंतीवरची एक-एक वस्तू त्यात शोधा. जी सापडणार नाही तिचा फोटो काढा आणि आजच मालकांना पाठवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.