‘सस्पेन्स’ आणि टांगणी

निवडणुकीचे निकाल लागूनही मुख्यमंत्री कोण हे ठरले नाही, की ‘सस्पेन्स कायम’ हा मथळा ठरलेलाच. क्रिकेटचा सामना शेवटच्या षटकापर्यंत लांबला तरी हाच शब्द. वास्तविक या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा अर्थ टांगून ठेवणे असा आहे. ‘जीव टांगणीला लागणे’ हा मराठी वाक्प्रचार नेमके तेच चित्र उभे करतो. असे असता मराठीने परका शब्द का जवळ केला? कारण उघड आहे. या शब्दाबरोबर चित्रपटगृहातील खुर्चीही आली. टांगणीत सुख नाही. सस्पेन्समध्ये आहे, कारण दोन-अडीच तासांनी दिवे लागणार याची प्रेक्षकाला खात्री असते.

‘रहस्य’ हा प्रतिशब्द येथे चालत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत घडून गेलेल्या गोष्टीचा उलगडा व्हायचा असतो. सस्पेन्सची नजर पुढे काय घडणार याकडे असते. ‘उत्कंठा’ अधिक जवळचा. त्यात उंचावलेली मान आहे. पण मान उंचावणे आणि टांगले जाणे यांत अंतर आहेच. आल्फ्रेड हिचकॉक या चित्रपट-दिग्दर्शकाने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत या भावनेचे मर्म सांगितले आहे. टेबलाखालील बाँब अकस्मात फुटला तर तो केवळ धक्का. तो तेथे आहे हे प्रेक्षकास आधीच ठाऊक असेल, तर प्रत्येक क्षण जीवघेणा होतो. म्हणजे ही भावना अज्ञानातून नव्हे, तर अर्धवट ज्ञानातून जन्मते.

हे मर्म ध्यानी घेतले, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या आदिवासींच्या वाट्याला काय आले ते कळते. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्राची ३३ गावे गेली, ती अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ चा. पाणी येणार हे तेव्हाच निश्चित झाले. कोणत्या पावसाळ्यात आणि कोणाच्या उंबऱ्यापर्यंत, एवढेच अनिश्चित राहिले. महाराष्ट्रातील पहिले बुडीत गाव मणिबेली. तेथे १९९३ च्या सुमारास पाणी चढले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने धरण सुमारे ८० मीटरवर थांबले. ऑक्टोबर २००० च्या निकालाने ९० मीटरपर्यंत वाट मोकळी झाली. पुढे २००४ मध्ये ११०.६४, २००६ मध्ये १२१.९२, आणि २०१४ मध्ये १३८.६८ मीटर या अखेरच्या उंचीस परवानगी मिळाली. दिल्लीत हे आकडे बैठकीच्या इतिवृत्तात लिहिले जात; डोमखेडी, निमगव्हाण येथे त्यांचा अर्थ टेकडीच्या उतारावर मोजला जाई. यंदा शेत जाणार की घरही? पेरावे की कौले उतरवावीत? विस्थापितांना बुडिताच्या एक वर्ष आधी जमीन मिळाली पाहिजे, असे लवादाने बजावले होते. ही अट अक्षरशः पाळली गेली असती, तर निदान या प्रश्नांना वेळीच उत्तर मिळाले असते.

सरकारी मराठीतही हीच टांगणी वेगळ्या वेशात वावरते. प्रलंबित, निलंबित, विलंब हे तिन्ही शब्द ‘लंब्’ या एकाच धातूपासून आले आहेत आणि त्याचा अर्थ लोंबणे. हिशेबनिसांजवळ तर आणखी नेमका शब्द आहे : उचंत खाते. जी रक्कम कोणत्या सदरात घालावी हे ठरलेले नाही, ती तात्पुरती तेथे टाकतात. इंग्रजीत त्या खात्याचे नावच ‘सस्पेन्स’. रकमेची तक्रार नसते. परंतु या जिल्ह्यात बाधितांचेही ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ असे दोन वर्ग पडले. अघोषित म्हणजे ज्याची जमीन पाण्याखाली जाते, पण ज्याचे नाव यादीत नाही तो. माणसे अशी उचंत खात्यात पडली. कोणी तळोदे तालुक्यातील वसाहतींत गेले, कोणी डोंगरावर वरच्या अंगाला झोपडी हलवून राहिले. १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले, दोन वर्षांनी जलाशय प्रथमच काठोकाठ भरला, आणि वरच्या अंगाच्या त्या झोपड्यांतून माणसे पाण्याची रेषा पाहत होती.