गूगलवर आपली सोसायटी सापडत का नाही?



बंदी उठल्यावर इंदूरचा एक खानावळवाला टेम्पो घेऊन आपल्याकडे मासळी घ्यायला निघाला होता. मोबाइलच्या नकाशानं त्याला नेऊन सोडलं पाण्याच्या काठाशी. पुढचा रस्ता पाण्याखाली. फोन लावला, तर तो आपला जुना नंबर, बंद पडलेला. माणूस रिकामा परत गेला आणि त्या दिवसाचा माल आपल्याला नेहमीच्या व्यापाऱ्याला, त्याच्या भावानं द्यावा लागला. पुढे त्यानंच कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून हे सांगितलं, म्हणून कळलं.

झालं असं की २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. निसरपूर, चिखलदा पाण्याखाली गेली. माणसं नव्या वसाहतीत आली, पण नकाशावरची आपली खूण जुन्या घाटावरच राहिली. ती हलवायचं काम आपलं होतं. गूगल आपणहून येऊन विचारत नाही.

मग मी बसून सगळं तपासलं. नकाशावर आपली नोंद एक नाही, दोन निघाल्या! एक पाण्यातली आणि दुसरी नव्या ऑफिसची, कुणी तरी हौसेनं केलेली. देवासकरांना हे नवीन नाही. तिथं एकाच गावात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्यं १९४८ पर्यंत नांदली. पण गूगलवर दोन पात्या चालत नाहीत. काही लोकांचे चांगले अभिप्राय एकीकडे, बरोबर फोन दुसरीकडे, आणि गिऱ्हाइकाला नेमकी चुकीची दिसते. आता जुनी नोंद नव्यात मिळवण्याची विनंती केली आहे. ही गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट असते. मालकी पटवायला जागेचा व्हिडिओ मागू शकतात, तेवढा काढून द्यायचा.

जवळपासचं दुकान दाखवताना गूगल तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या शब्दांशी आपलं काम जुळतं का, आपण किती अंतरावर आहोत, आणि लोकांत आपलं नाव किती आहे. अंतर आपल्या हातात नाही. बाकी दोन आहेत. आणि वेळाही भरा. १६ जून ते १५ ऑगस्ट बंदी असते हे आपल्याला पाठ आहे, इंदूरच्या माणसाला नाही. त्या दिवसांत 'बंद' दाखवलं नाही तर तो फुकट फेरी मारतो आणि वर एक तारा देऊन जातो.

आता वेबसाइट. ती करून घेतली तेव्हा आपण सगळे खूश होतो. पण गूगलच्या खिडकीत इंग्रजीत 'साइट', त्याला चिकटून दोन टिंबं आणि त्याला चिकटून आपला पत्ता टाकून बघितलं, तर एकही पान आलं नाही. म्हणजे गूगलच्या लेखी आपली वेबसाइट नव्हतीच! कारण निघालं एका चौकोनातली बरोबरची खूण. वर्डप्रेसमध्ये 'सर्च इंजिनांना ही साइट दाखवू नका' अशा अर्थाची एक सोय असते. काम चालू असताना ती लावून ठेवतात, पूर्ण झाल्यावर काढायची असते. करणारा विसरला, आम्ही विचारलं नाही. ज्यांनी स्वतःच्या होडीची, बर्फाची, जाळ्यांची साइट करून घेतली आहे, त्यांनी आजच हे करून बघा.

पण साइट गूगलला दिसली म्हणजे गिऱ्हाइकाला सापडली असं नाही. आपलं घरातलं बोलणं मराठी, हे पानही मराठी. पण इंदूर, धार, देवासचं गिऱ्हाईक शोधतं हिंदीत, नाहीतर रोमन अक्षरांत. आपण लिहिलं 'कोळंबी', तो शोधतोय 'झींगा'. आपण 'मृगळ' म्हणतो, तो 'नरेन'. आपण 'ताजी मासळी', तो 'ताज़ी मछली'. जुळणार कसं? म्हणून प्रत्येक माशाचं नाव मराठीत, हिंदीत आणि रोमनमध्ये, असं साध्या वाक्यात लिहायचं. शब्दांची माळ ओवायची नाही, तिला गूगल फसत नाही. पानामागे लपवून शब्द भरायची जी जुनी युक्ती होती, ती आम्ही मोजत नाही असं गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय. कुणी त्याचे पैसे मागितले तर हसून सोडून द्या.

नुसतं 'धार' लिहिलं तर चाकूची धारही येते आणि नदीचीही. म्हणून 'धार जिल्हा', 'कुक्षी', 'धरमपुरी', आणि देवासकडे 'नेमावर' अशी गावांची नावं घाला. आपल्या पहिल्या पानाचं शीर्षक इतके दिवस नुसतं 'होम' होतं. शोधताना तेच नाव वर दिसतं, आणि 'होम' बघून मासळी घ्यायला कोण येणार?

आणखी एक खोड. आपण रोजचा भाव फळ्यावर लिहितो, फोटो काढतो आणि टाकतो. फोटोतल्या अक्षरांचा भरवसा नसतो. भाव टाइप करून टाका, फोटो सोबत असू द्या. फोटो मात्र लहान करून टाका, नाहीतर घाटावरच्या रेंजमध्ये पान उघडेपर्यंत बर्फ वितळतो.

सध्या सभासदांना फोन येताहेत, 'महिन्यात पहिल्या नंबरवर आणतो, गॅरंटी.' पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगल सांगतं. वर दिसणारी जाहिरात पैसे देऊन मिळते, पण त्यावर 'प्रायोजित' लिहिलेलं असतं आणि पैसे संपले की ती जाते. विकतचे अभिप्रायही घेऊ नका, पकडले तर नोंदीवर कारवाई होऊ शकते. त्यापेक्षा खऱ्या गिऱ्हाइकाला माल देताना सांगा, 'भाऊ, आवडला तर दोन ओळी लिहा.' तक्रार लिहिली तरी नीट उत्तर द्या.

केलेला बदल दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. दरम्यान सर्च कन्सोल नावाचं गूगलचंच फुकट साधन जोडलं आहे. लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. ते शब्द कळले की मी इथं टाकेन. तोवर तुमच्याकडे गिऱ्हाईक कुठल्या माशाला काय म्हणतं ते खाली लिहा. आणि ज्यांच्या दुकानाची खूण अजून जुन्या गावात पाण्यात आहे, त्यांनी मोबाइल घेऊन ऑफिसात या, दहा मिनिटांत हलवून देतो.

— सचिव