विश्लेषण : साचलेल्या पाण्यात शॉक का बसतो? उत्तर आहे मीठ-साखरेच्या डब्यात

पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं की ‘विजेच्या खांबाजवळ जाऊ नका’ अशी सूचना हमखास येते. पण निव्वळ शुद्ध पाण्यातून वीज जवळपास वाहतच नाही. मग शॉक बसतो कशामुळे? त्यासाठी अणू एकमेकांशी कसे जोडले जातात, ते पाहावं लागेल.

मिठात काय होतं?
सोडिअमच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत १ इलेक्ट्रॉन असतो, क्लोरिनच्या ७. ही कक्षा ८ इलेक्ट्रॉनची झाली की दोघंही स्थिर होतात. म्हणून सोडिअम आपला १ इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि क्लोरिन तो घेतो. देणाऱ्यावर धन प्रभार येतो, घेणाऱ्यावर ऋण. अशा प्रभारित कणांना आयन म्हणतात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या आकर्षणाला आयनिक बंध. तो इतका घट्ट असतो की मीठ वितळायला तब्बल ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं.

आणि साखरेत?
इथे देणं-घेणं नाही, भागीदारी आहे. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू इलेक्ट्रॉनच्या जोड्या मिळून वापरतात. हा सहसंयुज बंध. इलेक्ट्रॉनच्या जोडीची ही कल्पना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. पाण्याच्या रेणूतही हाच बंध असतो.

फरक कुठे पडतो?
दोन्ही पदार्थ पाण्यात विरघळतात, पण वेगळ्या पद्धतीने. साखरेचे रेणू अख्खेच पाण्यात पसरतात. त्यांच्यावर प्रभार नसल्याने ते वीज वाहून नेत नाहीत. मिठाचे आयन मात्र सुटे होऊन पाण्यात फिरू लागतात आणि त्यांच्यामार्फत वीज वाहते.

मग धोका कोणता?
रस्त्यावरच्या पाण्यात माती, सिमेंट आणि गटारातले क्षार मिसळलेले असतात, म्हणजेच भरपूर आयन. नळाच्या पाण्यातही क्षार असतात आणि घामात तर मीठच असतं. त्यामुळे ओल्या हाताने स्विचला हात लावू नका. साचलेल्या पाण्यात तुटलेली तार दिसली तर लांबच थांबा, इतरांनाही थांबवा आणि वीज कंपनीला लगेच कळवा. पाणी कितीही स्वच्छ दिसलं, तरी त्यातले आयन डोळ्यांना दिसत नाहीत.