नाणेसंचांची क्रमवारी

अमेरिकेतील नाण्यांची 1 ते 70 गुणांची प्रतवारी विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये मांडलेल्या श्रेणीवर आधारलेली आहे. पीसीजीएस (1986) आणि एनजीसी (1987) या संस्था नाणे तपासून त्याला गुण देतात, क्रमांकासह सीलबंद प्लॅस्टिक डबीत बसवतात आणि अशा नाण्यांच्या संचांची क्रमवारी आपल्या ऑनलाइन नोंदवहीत लावतात.

पीसीजीएसच्या पद्धतीत प्रत्येक नाण्याला दुर्मीळतेनुसार भार दिलेला असतो. लिंकन सेंटच्या मालिकेत केवळ 4,84,000 पाडली गेलेली, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची 1909 ची व्हीडीबी अक्षरांची नाणी सर्वसामान्य वर्षांच्या नाण्यांहून जड धरली जातात. समजा, 1 भाराचे नाणे 66 गुणांचे आणि 10 भाराचे 64 गुणांचे असेल, तर भारित सरासरी 64.18 येते, म्हणजे दुर्मीळ नाण्याचा दर्जाच निर्णायक ठरतो. या सरासरीला संचपूर्तीच्या प्रमाणाने गुणत असल्यामुळे रिकामी जागाही महागात पडते.

याच चुरशीमुळे एका गुणाच्या फरकासाठी कित्येक पट किंमत मोजली जाते, आणि ही बाब खरोखर चिंतेची आहे, कारण डबीवरील अंक तज्ज्ञांचे मत असते, मोजमाप नव्हे. संग्राहकाने आधी नाणे पाहावे, मग अंक.